पेट्रोलवरचे दोन आणे

मोटारी येण्याआधी मुंबई इलाख्यात रस्त्याचा खर्च बऱ्याच अंशी नाक्यावर वसूल होई. भोर घाटातला गाडीरस्ता 1830 साली खुला झाला, त्यावरही टोल होता. पुढे 1851 आणि 1875 च्या कायद्यांनी ही वसुली पक्की झाली. नाके मक्त्याने दिले जात आणि भरलेली रक्कम अधिक नफा मक्तेदार गाडीवानांकडून काढी. हा जाच केवढा होता, ते माहीमच्या कॉजवेवरून कळते. त्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखावर रुपये दिले, ते तिथे टोल घेऊ नये या अटीवर. नगरपालिकांची गाड्यांवरची पट्टी वेगळीच होती.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या. बैलगाडीसाठी केलेले खडीचे रस्ते त्यांच्या वेगाखाली उखडू लागले. 1919 च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांकडे गेले होते, पेट्रोलवरचे शुल्क मात्र केंद्राच्या तिजोरीत जात होते. ज्याच्याकडे रस्ता त्याच्याकडे पैसा नाही, असा हा पेच होता. तो सोडवण्यासाठी 1927 साली समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे नामवंत बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला असून त्याचा काही भार केंद्राने उचलला पाहिजे, असा निष्कर्ष समितीने 1928 च्या अहवालात मांडला.

भार उचलायचा कशातून, याचे उत्तर पेट्रोल हे होते. हे शुल्क बंदरावर किंवा तेलशुद्धीकरण कारखान्यातच मोजक्या कंपन्यांकडून घेता येई. त्यासाठी वाटेत गाडी अडवावी लागत नसे, मक्तेदार लागत नसे आणि जो जास्त फिरे तो आपोआप जास्त भरी. मार्च 1929 मध्ये गॅलनमागे चार आण्यांचे शुल्क सहा आणे झाले. वाढीव दोन आणे, म्हणजे आजच्या मापाने लिटरला सुमारे पावणेतीन पैसे, रस्त्यांसाठी वेगळे ठेवण्यात आले. काही भाग केंद्राने राखला, बाकीचा प्रांतांना त्यांच्या पेट्रोलखपाच्या प्रमाणात मिळाला. हाच केंद्रीय रस्तेनिधी.

मात्र पेट्रोलवरच सारे भागवावे, असे समितीने म्हटले नाही. पेट्रोलवरचे शुल्क, वाहनकर आणि भाड्याच्या गाड्यांचे परवानाशुल्क असे तीन स्रोत तिने सुचवले. पहिला केंद्राच्या हातातला होता, इतर दोन प्रांतांच्या. सगळे कर इंधनात मिसळायचे तर कुणाला तरी आपली तिजोरी सोडावी लागली असती आणि ते कधीच घडले नाही. रस्त्याचा पैसा कशातून घ्यावा, या प्रश्नाचा पुढचा सारा इतिहास त्यातून घडला आहे. मुंबई प्रांताने 1935 साली मोटार वाहन कर कायदा केला आणि स्थानिक संस्थांच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देऊ केली. पट्ट्या एकवटल्या, पण त्या प्रांताच्या करात, इंधनात नव्हे.

स्वातंत्र्यानंतर पेट्रोलवरचे शुल्क चढत गेले, पण रस्तेनिधीचा वाटा कित्येक दशके लिटरला काही पैशांवरच अडकला. ती पोकळी टोलने भरली. 1977 साली राष्ट्रीय महामार्गांच्या पुलांवर टोलची मुभा मिळाली, 1995 मध्ये खासगी भांडवलाला दार उघडले. 1998 नंतर पेट्रोल आणि डिझेलवर लिटरला रुपयाचा उपकर आला, 2000 च्या कायद्याने रस्तेनिधीला वैधानिक दर्जा मिळाला. 2018 मध्ये उपकर आठ रुपयांवर गेला आणि निधी रेल्वे, जलमार्ग अशा इतर कामांनाही खुला झाला. उपकर असल्याने राज्यांना त्यात करवाट्याचा हक्क नाही.

गाडी घेताना एकरकमी कर, पंपावर उपकर, नाक्यावर टोल, असा तिहेरी भार महाराष्ट्रातल्या गाडीमालकावर आला. एकरकमी करात तर वापराचा विचारच नाही. वर्षभर झाकून ठेवलेली गाडी आणि रोज मुंबई-पुणे धावणारी गाडी सारखाच कर भरते. या तिहेरी भारामुळेच कोल्हापूरकरांनी शहरातल्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली दिलेला लढा न्याय्य होता. तो टोल 2015 मध्ये उठला. त्याच वर्षी राज्याने 12 नाके बंद केले आणि 53 नाक्यांवर छोट्या गाड्यांना व एसटीला सूट दिली. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरही छोट्या गाड्यांचा टोल गेला.

टोल कमी झाला तरीही इंधनशुल्काला सर्व भार पेलणार नाही. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांतून दिसले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. डिझेल काही सोळापट जळत नाही. म्हणून जड ट्रकने केलेल्या झिजेची भरपाई इंधनातून होत नाही. शिवाय बरेच डिझेल रस्त्यावर जळतच नाही. शेतातला पंप आणि कोकणातली मच्छीमार नौका तेच डिझेल वापरतात, म्हणून मच्छीमार संस्थांना राज्याचा कर परत द्यावा लागतो. आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्या पेट्रोल घेत नाहीत आणि राज्याच्या 2021 च्या धोरणाने त्यांना वाहनकरातही सूट दिली. रस्ता मात्र त्याही वापरतात. त्यांच्याकडून रस्त्याचा वाटा घ्यायचा तर अंतर आणि वजन मोजूनच घ्यावा लागेल.