दगडात बांधलेला ओढा आणि छतावरचे पाणी : पोर्टलंडच्या जॉन्सन क्रीकची कथा

(१) आजचा धागा एका लहानशा ओढ्याचा आहे. अमेरिकेच्या वायव्येस, ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराच्या आग्नेय भागातून तो वाहतो आणि मिलवॉकी या गावी विलामेट नदीला मिळतो. लांबी सुमारे ४२ किलोमीटर, नाव जॉन्सन क्रीक. सरकारने एके काळी हा ओढा दगडात बांधून काढला. पुढे साठ वर्षांनी त्याच ओढ्यासाठी लोकांनी आपली राहती घरे सोडली. हा उलटा प्रवास का घडला, ते पाहू.

(२) क्लॅकमस आणि शेजारच्या इतर आदिवासी समाजांचा हा मूळ प्रदेश. दाट अरण्य, थंड पाणी आणि समुद्रातून अंडी घालण्यासाठी परतणारे सॅमन मासे ही त्याची ओळख होती. १८४६ मध्ये विल्यम जॉन्सन हा वसाहतकार येथे स्थायिक झाला. त्याने ओढ्याच्या प्रवाहावर चालणारी लाकूड कापण्याची गिरणी उभारली. ओढ्याला त्याचेच नाव मिळाले.

(३) विसाव्या शतकाच्या आरंभी ओढ्यालगत रेल्वे आली आणि तिच्यामागून उपनगरे आली. काठची सपाट जमीन घरबांधणीस सोयीची होती. पण ती सपाट का होती? शतकानुशतके पुराचे पाणी तेथे पसरत आले होते आणि आपला गाळ टाकत आले होते. लोकांनी घरे बांधली, ती ओढ्याच्या अंथरुणावर. पोर्टलंडचा पावसाळा हिवाळ्यात असतो, त्यामुळे थंडीच्या दिवसांत तळघरांत पाणी शिरणे नित्याचे झाले.

(४) १९२९ नंतरच्या महामंदीने लाखो हात रिकामे केले. त्यांना काम देण्यासाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शासनाने १९३५ मध्ये ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही यंत्रणा उभी केली. तिच्या मजुरांनी जॉन्सन क्रीक खोल केला, रुंद केला आणि सुमारे २४ किलोमीटर लांबीपर्यंत त्याचे काठ दगडांनी बांधले. काम इतके चोख होते की, त्यातील पुष्कळसे चिरे आजही जागचे हललेले नाहीत.

(५) चूक कारागिरीत नव्हती. ती विचारात होती. पाणी लवकरात लवकर पुढे घालवावे, हा त्या काळच्या अभियांत्रिकीचा मंत्र होता. परंतु मोठ्या पुराला दगडी पात्र अपुरे पडे. शिवाय पात्र आणि काठची पूरमैदाने यांचा संबंध तुटला. पाण्याचा वेग वाढला आणि माशांना विसाव्याच्या जागा उरल्या नाहीत. वर नव्या छतांचे आणि रस्त्यांचे पाणी ओढ्यात भरच घालत होते.

(६) परिणाम व्हायचा तोच झाला. डिसेंबर १९६४ आणि फेब्रुवारी १९९६ हे ऑरेगनच्या इतिहासातील मोठे पूर. पण जॉन्सन क्रीकला काठ ओलांडण्यासाठी इतक्या मोठ्या निमित्ताची गरजच नव्हती. लेंट्स या श्रमिक वस्तीतील फॉस्टर रस्ता तर दर दोन-एक वर्षांनी पाण्याखाली जात असे.

(७) १९९० च्या दशकात ‘जॉन्सन क्रीक वॉटरशेड कौन्सिल’ आकारास आली. रहिवासी आणि स्वयंसेवक काठावर उतरले. कचरा उपसणे, स्थानिक झाडे लावणे आणि ब्लॅकबेरीची रानटी जाळी उपटणे ही त्यांची कामे. इतिहासप्रेमींसाठी एक गंमत : या काटेरी झुडपाचे नाव ‘हिमालयन ब्लॅकबेरी’, पण त्याचे मूळ आर्मेनिया-इराणच्या परिसरात आहे. ल्यूथर बरबँक या प्रसिद्ध वनस्पतिसंवर्धकाने १८८५ च्या सुमारास ते अमेरिकेत रुजवले. एकाच्या बागेतील हौस शेजारच्या ओढ्याला कशी भोवते, याचा हा नमुना.

(८) खरी कसोटी पुढे होती. १९९७ पासून पोर्टलंड शहराने वारंवार बुडणारी घरे बाजारभावाने विकत घेण्यास सुरुवात केली. सक्ती नव्हती, जो स्वखुशीने विकेल त्याचेच घर घ्यायचे. हळूहळू सुमारे ६० कुटुंबे तेथून हलली. दर हिवाळ्याला पाणी उपसणाऱ्यांना त्यात सुटका वाटली असेल; पण घर सोडणे सोपे नसते आणि एक वस्ती विरून गेली, हेही नाकारता येत नाही.

(९) रिकाम्या झालेल्या जागेतील रस्ते आणि पूल काढले गेले, काठ उतरते केले आणि हजारो झाडे लावली गेली. २०१२ मध्ये सुमारे ६३ एकरांचे ‘फॉस्टर फ्लडप्लेन’ तयार झाले. पुराच्या वेळी तेथे सुमारे १७ कोटी लिटर पाणी थांबू शकते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ओढा पूररेषेच्या वर चढला, तरी फॉस्टर रस्ता कोरडा राहिला.

(१०) पण पुराचा आरंभ ओढ्यात होत नाही, छतावर होतो. हिशेब करा : १०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर २,५०० लिटर पाणी जमते. पोर्टलंडच्या जुन्या भागात हे पाणी सांडपाण्याच्याच गटारात जाई आणि जोराच्या पावसात ते मिश्रण नदीत उसळे. १९९३ ते २०११ या काळात शहराने नागरिकांच्या साहाय्याने पन्हळींचे ५६,००० हून अधिक नळ गटारापासून तोडून अंगणाकडे वळवले.

(११) अंगणात आलेल्या पाण्याचे करायचे काय? त्याचे उत्तर १९९० च्या सुमारास मेरीलंडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत घडत होते : ‘रेन गार्डन’. घराच्या पायापासून दूर एक उथळ खोलगट वाफा, मोकळी माती आणि ओल व कोरड दोन्ही सोसणारी स्थानिक झाडे. पाणी दिवस-दोन दिवसांत जमिनीत मुरते. डासांना संधी मिळत नाही. पोर्टलंडच्या अंगणांतही अशा बागा रुजल्या.

(१२) मग पूर संपले का? नाही. डिसेंबर २०१५ मध्ये जॉन्सन क्रीकने पुन्हा काठ ओलांडले. दगडी पात्रही बऱ्याच ठिकाणी तसेच आहे. साठ घरांची जागा परत दिल्याने नेहमीचे पूर आवरले. दीड शतकाचा हिशेब मात्र तेवढ्याने मिटला नाही. ओढ्याची जागा घ्यायला फारसा वेळ लागत नाही, ती परत द्यायला पिढ्या लागतात.

(१३) तुमच्या गावात वा शहरात असा एखादा ओढा असेल, कदाचित आता त्याला नाला म्हणत असतील. जुना नकाशा मिळाला तर त्याची मूळ वाट शोधा आणि तिच्यावर आज काय उभे आहे, ते खाली लिहा. पुढचा धागा त्यांतूनच निवडू.