देवनारचा कातळ आणि त्याखालचे जुने सांधे

१२. लेखकाने उल्लेखलेला देवनार-तुर्भ्याचा काळा कातळ म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. वय साधारण सहा ते साडेसहा कोटी वर्षे. हा लाव्हा ओतला जाण्याच्या कितीतरी आधी भारताचा गाभा भूखंडांच्या टकरींतून जुळला होता. बस्तर आणि बुंदेलखंड या खंडांची टक्कर त्यांपैकीच. तिचा सांधा भंडारा-गोंदियाच्या बाजूने जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने मुंगवानी ते राजनांदगाव या रेषेवर त्याचा वेध घेतला. जमिनीत भोके पाडून सुरुंग उडवायचे आणि रांगेने रोवलेल्या जिओफोनांनी खालून परतणारा प्रतिध्वनी टिपायचा, अशी ही पद्धत. कवचात लहर सेकंदाला सुमारे ६ किमी धावते. म्हणजे जाऊन-येऊन १० सेकंदांनी परतलेला प्रतिध्वनी ३० किमी खोलीवरचा. सांध्याच्या दोन बाजूंना परावर्तनांचे पट्टे परस्परविरुद्ध दिशांना कललेले दिसले, आणि टकरीच्या अनुमानाला आधार मिळाला. टकरीने उभा राहिलेला पर्वत झिजून गेल्यावरही त्याची मुळे वाचता यावीत, हे मला भूशास्त्राचे फार मोठे यश वाटते. देवनारखाली मात्र हे काम अतिशय कठीण आहे: बेसॉल्टचे थर लहरी विखुरतात, रस्ते-रेल्वेची कंपने त्यांत मिसळतात, आणि एवढ्या दाट वस्तीत सुरुंग लावता येत नाहीत. — संपादक