भूभौतिकीतील तात्पुरती संशोधन अधिछात्रवृत्ती

भूभौतिकीतील तात्पुरती संशोधन अधिछात्रवृत्ती म्हणजे भूकंप, भूचुंबकत्व, गुरुत्वाकर्षण व पृथ्वीचे अंतरंग यांच्या अभ्यासासाठी ठरावीक मुदतीपुरती होणारी, मासिक विद्यावेतनाची नेमणूक होय. कनिष्ठ संशोधन अधिछात्र, वरिष्ठ संशोधन अधिछात्र आणि संशोधन सहयोगी या तिच्या नेहमीच्या पायऱ्या आहेत.

प्रकार

या अधिछात्रवृत्ती मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) मिळणारी अधिछात्रवृत्ती उमेदवाराच्या नावे असते. पहिली दोन वर्षे कनिष्ठ व पुढील तीन वर्षे वरिष्ठ, अशी तिची कमाल मुदत पाच वर्षे आहे. दुसरी प्रकल्पाशी बांधलेली असते आणि प्रकल्प संपला की तीही संपते. पद निव्वळ तात्पुरते असून त्यावरून कायम नोकरीचा हक्क सांगता येणार नाही, अशी अट अशा जाहिरातींत सहसा असते. केंद्र शासनाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्राचे विद्यावेतन दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ अधिछात्राचे ४२,००० रुपये केले; घरभाडे भत्ता वेगळा. बार्टी, सारथी व महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थाही आपापल्या प्रवर्गांतील पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात.

महाराष्ट्रातील संस्था

नवी पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेची परंपरा १८४१ मध्ये सुरू झालेल्या कुलाबा वेधशाळेपर्यंत जाते. मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय नोंदींचे काम १९०४ पासून अलिबाग येथे हलविण्यात आले. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या नावे ही संस्था पीएच.डी.नंतरच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही उपयोजित भूभौतिकी शिकविली जाते.

भूकंपशास्त्राच्या दृष्टीने कोयना परिसर सर्वांत महत्त्वाचा आहे. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर तेथे हादरे जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. त्यानंतरही पाच व त्याहून अधिक क्षमतेचे वीसहून जास्त भूकंप या लहानशा पट्ट्यात नोंदले गेले आहेत. कराड येथील भूविज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेने या प्रदेशात खोल वेधनाचा प्रकल्प हाती घेतला. गोठणे येथील ३ किमी खोलीचा पथदर्शी वेध २०१७ मध्ये पूर्ण झाला. त्यात सुमारे सव्वा किमी जाडीच्या बेसॉल्टखाली ग्रॅनाइटी पाया लागला.

काम व मुदत

अधिछात्राचे काम केवळ संगणकावरचे नसते. दुर्गम केंद्रांवरील भूकंपमापकांच्या बॅटऱ्या व सौर पट्ट्या तपासणे, नोंदी उतरवून आणणे आणि प्राथमिक व दुय्यम लहरींच्या आगमनाच्या वेळा वाचणे, हे रोजचे काम. स्थानिक भूकंपात या दोन लहरींतील अंतर एका सेकंदाचे असेल, तर केंद्रापासून उगम साधारण आठ किमीवर असतो. कोणती खूण लहरीची आणि कोणती वाऱ्यापावसाच्या गोंगाटाची, हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते. खरी अडचण येथे आहे. कोयनेचा क्रम समजण्यासाठी अनेक दशकांच्या सलग नोंदी लागतात आणि नजर तयार झालेला अधिछात्र तोवर मुदत संपून निघून गेलेला असतो. यंत्र जागेवर राहते. त्या केंद्राच्या खाणाखुणा जाणणारा माणूस राहत नाही.

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने या विषयाची निकड दाखवून दिली. तोवर तो भाग भूकंपाच्या दृष्टीने बराच सुरक्षित समजला जात असे.

पूर्णा खोरे

बुलढाणा जिल्ह्यात या विद्याशाखेची क्षेत्रे दोन टोकांना आहेत. दक्षिणेस बेसॉल्टमधील लोणारचे आघातविवर. उत्तरेस संग्रामपूर तालुका, ज्यातील वरवट बकाल हे गाव सातपुडा व पूर्णा नदी यांच्या दरम्यानच्या गाळाच्या प्रदेशात वसले आहे. सातपुड्याच्या दक्षिण कडेने गाविलगड प्रस्तरभंग जातो. पूर्णेच्या जाड गाळाखाली खडकाची रचना कशी आहे, हे विद्युतरोध व गुरुत्व मापनांनी अजमावता येते. त्याच मापनांचा खारपाणपट्ट्यातील गोड्या पाण्याच्या शोधालाही उपयोग होतो. येथील विद्यार्थ्याला भूशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जवळचे विद्यापीठ अमरावतीचे आहे. अधिछात्रवृत्तीसाठी मात्र बहुधा पनवेल, कराड किंवा हैदराबाद गाठावे लागते.