पेटीचे पहिले पुस्तक



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि बहुधा ती खरी ठरते. आज मात्र आम्ही वेगळा विषय घेतला आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाला पेटी शिकायची असेल, तर त्याने कोणते पुस्तक घ्यावे? साकीनाक्याच्या गाळ्यांत लेथवर उभे राहणारे, पॅकिंग करणारे, रात्री दारावर पहारा देणारे लोक आमच्या कचेरीत येऊन हा प्रश्न विचारतात, आणि विचारताना ओशाळतात. 'आता या वयात कसली हौस?' असे घरी कोणीतरी म्हटलेले असते. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु विद्या कोणाच्या ताब्यात असावी आणि ती कोणत्या वयापर्यंत मिळावी, हा जुना झगडा त्याच्या पोटात आहे. म्हणून त्याचा इतिहास पाहणे अवश्य आहे.

पेटीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या परदेशातून आल्या. पियानो हे वाद्य इटलीतील फ्लॉरेन्स शहरी क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास घडविले. सरदारांच्या महालातून ते मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यात आले, तेव्हा शिकविणाऱ्याच्या हाताशी छापील पुस्तक लागू लागले. क्लेमेंती याने १८०१ साली लंडनमध्ये पियानोचे असे एक प्रवेशपुस्तक काढले. हा गृहस्थ वादक होता, प्रकाशक होता आणि पियानोचा कारखानदारही होता. वाद्य खपवायचे तर आधी वाजविणारा तयार केला पाहिजे, हे कारखानदाराला बरोबर कळते! पुढे चेर्नी आणि बेयर यांची पहिली पुस्तके आली. ती अजूनही छापली जातात. या सर्वांनी एक विद्यार्थी डोळ्यांपुढे धरला होता: घरी शिक्षक येतो, रोज मोकळा वेळ आहे, बोटे कोवळी आहेत. दिवसभर हातोडा धरून आखडलेली बोटे त्या पुस्तकांच्या हिशेबातच नव्हती.

आपल्याकडे पियानो फारसा रुजला नाही. तो युरोपियनांच्या, पारशांच्या आणि गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी राहिला. रुजली ती हार्मोनियम. पॅरिसच्या देबँ याने १८४० च्या सुमारास तिला हे नाव दिले. ती पायाने चालविण्याची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता देऊन जमिनीवर बसविले. जमिनीवर बसल्याबरोबर ती आपली झाली. नाटकमंडळीत, कीर्तनात, चाळीतल्या भजनात ती शिरली आणि लोकांनी तिला 'पेटी' म्हटले.

पेटी आली, पण शिकविणार कोण? त्या काळी संगीतविद्या गुरूच्या घरी होती. आमच्या कारखान्यांत जुन्या जाणत्या कारागिराला हेल्पर लोक 'उस्ताद' म्हणतात, आणि गाण्यातही उस्तादच असतात. दोघांची रीत सारखीच. यंत्राचे सेटिंग करताना कारखान्यातला उस्ताद हेल्परला चहा आणायला पाठवतो, म्हणजे खुबी त्याच्या नजरेस पडू नये. गाण्यातले उस्तादही खास चिजा घराबाहेर जाऊ देत नसत. याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. त्यांना प्रॉव्हिडंट फंड नव्हता, पेन्शन नव्हते. राजाची मर्जी फिरली की चूल थंड. चीज हीच त्यांची पुंजी होती, आणि आपली पुंजी रस्त्यावर वाटून टाक असे पोटासाठी झगडणाऱ्या माणसाला आपण कोणत्या तोंडाने सांगणार? तथापि त्यामुळे बाहेरच्या सामान्य माणसाला दार बंद राहिले, हेही तितकेच खरे.

हे दार किलकिले करण्याचे काम सार्वजनिक संस्थांनी केले. १८७४ साली पुण्यास गायन समाज निघाला. १८८६ साली सयाजीरावमहाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी बडोद्यास गायनशाळा काढली आणि स्वरलेखन देऊन पुस्तके छापली. पुढे कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर आले. लहानपणी दिवाळीच्या दारूकामात त्यांच्या डोळ्यांना इजा झालेली. अशा माणसाने मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेतली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले. संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या पैशावर चालणारी ही शाळा होती. १९०८ साली ते मुंबईस आले. 'संगीत बालप्रकाश', 'राग प्रवेश' अशी क्रमिक पुस्तके त्यांनी काढली. कर्जापायी मुंबईची इमारत पुढे हातची गेली. पुस्तके आणि शिष्य मात्र राहिले.

दुसरे विष्णू म्हणजे विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६० साली वाळकेश्वरचा, धंदा वकिलीचा. त्यांनी देशभर हिंडून, उस्तादांची मनधरणी करून, प्रसंगी त्यांचे शागीर्द होऊन चिजा मिळविल्या. मग त्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत मराठीतून छापून सर्वांना वाचायला मोकळ्या केल्या.  हाथरसच्या संगीत कार्यालयाने पुढे त्या हिंदीत आणल्या.

या दोघांच्या स्वरलिपींची तुलना येथे उपयोगाची आहे. पलुस्करांची लिपी अधिक काटेकोर. एक मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा यांना तीत वेगवेगळ्या खुणा आहेत. भातखंड्यांनी खुणा कमी केल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. एका मात्रेत अनेक स्वर आले तर खाली कंस. एवढे समजले की अक्षरओळख असलेला माणूस तासाभरात वाचू लागतो. पहिल्या लिपीत बारकावा जास्त, दुसरीत सोय जास्त. पुढे पुस्तकांच्या बाजारात बहुतेक ठिकाणी सोयीची लिपी चालली. कराराचा मसुदा कितीही पक्का असला तरी ज्याच्यासाठी तो केला त्याला वाचता आला नाही, तर त्याचे बळ अर्धे होते, हा आमचा चळवळीतला अनुभव याच जातीचा आहे.

असे असूनही प्रौढ कामकरी माणूस या पुस्तकांपासून दूरच राहिला. 'बालप्रकाश' हे नावच सांगते की पुस्तक कोणासाठी होते. १९३१ साली विष्णु दिगंबरांच्या पश्चात गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले आणि प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षांची शिडी उभी राहिली. शिडी चांगली, पण ती शाळकरी वयात चढायला घेणाऱ्यांची. मुंबईचा कोकणी गिरणीकामगार पेटी शिकला तो भजनमंडळात, बुवांच्या शेजारी बसून, डबलबारीच्या रात्री जागून. बोट कुठे पडते ते डोळ्यांनी टिपायचे आणि चाळीत येऊन चाचपडायचे. इकडे विद्वानांना पेटी नकोशी होती. तिच्यात मींड निघत नाही, तिचे स्वर जागच्या जागी ठोकलेले, असा त्यांचा आक्षेप, आणि तो निराधार नव्हता. रवींद्रनाथांनाही ती खपत नसे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली. ती बंदी १९७० नंतर सैल झाली. तीस वर्षे नभोवाणीने जिला दार बंद केले, ती चाळीचाळीतून वाजत राहिली. रेडिओने नाकारलेले वाद्य आणि पुस्तकाने न हेरलेला विद्यार्थी यांची अशी जोडी जमली.

पियानोच्या पुस्तकांनाही प्रौढ माणूस दिसायला उशीरच लागला. अमेरिकेत जॉन थॉम्पसन यांचे १९३६ चे गाजलेले पुस्तक चिमुकल्या बोटांना शिकविणारे होते. खास प्रौढांसाठी पुस्तके काढण्याची रीत पुढे पडली. त्यांपैकी आल्फ्रेड प्रकाशनाची १९८३ ची प्रौढांची मालिका आज मुंबईतही मिळते. या पुस्तकांनी तीन गोष्टी ओळखल्या. प्रौढाला कारण सांगितले तर पटकन कळते. त्याच्या कानात गाणी आधीच साठलेली असतात. आणि त्याला पहिल्या महिन्यात काहीतरी ओळखीचे वाजले पाहिजे, नाही तर तो सोडून देतो.

मग तेच पुस्तक घ्यावे काय? आज पुष्कळ कामगार पेटीऐवजी विजेचा कीबोर्ड घेतात; कंपनी कोणतीही असो, त्याला सगळे 'कॅसिओ'च म्हणतात. येथे घोटाळा होतो. इंग्रजी पुस्तक पाच रेघांवरची लिपी शिकविते आणि पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून सुरुवात करते. आमचा माणूस भजनाला बसतो तेव्हा बुवा म्हणतात, 'काळी एक धरा.' आपला 'सा' गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो. वर्षभर पुस्तक गिरविलेला माणूस त्या क्षणी हात आखडून बसतो. उलट पेटीच्या पुस्तकात डावा हात भात्याला दिलेला असतो. कीबोर्डवाल्याचा डावा हात मग मांडीवर पडून राहतो. तेव्हा पुस्तक निवडण्याआधी आपल्याला कोणाबरोबर वाजवायचे आहे, हे ठरवावे. भजनात साथ करायची तर देवनागरी स्वरलिपीचे पुस्तक, दोन्ही हातांनी स्वतंत्र वाजवायचे तर पियानोचे.

पुढच्या कसोट्या दुकानात उभे राहूनच लावता येतात. पुस्तक 'सा' हलवायला शिकविते काय? कोणत्या स्वराला कोणते बोट, हे सांगते काय? पियानोची पुस्तके बोटांना आकडे देतात. आपली पुष्कळ पुस्तके याबाबत मुकी असतात. ताल आणि मात्रा छापल्या आहेत काय? पदपथावरच्या गाण्यांच्या पुस्तिकांत शब्दांखाली नुसते सारेगम असते. चाल पाठ असलेल्याला ते पुरते, पण अनोळखी चीज त्यावरून कधीच निघत नाही, म्हणजे माणूस होता तिथेच राहतो. शेवटी, टाइप मोठा आहे काय आणि धडा वीस मिनिटांत आटोपतो काय? रातपाळी करून आलेल्या चष्मेवाल्याला याहून जास्त मागणे अन्यायाचे आहे.

पुस्तकाने सर्व होते, असे आम्ही म्हणत नाही. सूर लागला की नाही हे कागद सांगू शकत नाही. त्याला जाणता कान शेजारी लागतो. म्हणून आमची सूचना अशी की, वस्तीतल्या वाचनालयांनी भातखंड्यांचे पहिले भाग आणि प्रौढांचे एखादे पियानोचे पुस्तक घेऊन ठेवावे, आणि भजनमंडळाच्या बुवांनी आठवड्यातून एक तास नवशिक्यांसाठी द्यावा. त्या तासाचे मानधनही बुवांना अवश्य द्यावे, कारण उस्तादांनी विद्या का लपविली हे आपण आताच पाहिले. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, अशी मागणी जगभरच्या कामगारांनी केली आणि तिच्यासाठी रक्त सांडले. त्या शेवटच्या आठ तासांतली वीस मिनिटे एखाद्या फिटरने पेटीपुढे घालविली, तर त्याला वय विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.