निळ्या बाटलीच्या आधी

थंडी पडली की बारामती-इंदापूरकडच्या घरांत सकाळी एक निळी बाटली उन्हाला येते. कुठे खिडकीत, कुठे ओट्यावर, कुठे न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादलीत अर्धी बुडवलेली. आतले खोबरेल तेल मेणासारखे पांढरे झालेले असते. घाई असली तर लोक बाटलीच्या तोंडातून काडी घालून ते उकरतात, तळहातावर चोळून पातळ करतात आणि मग केसांना, उललेल्या गालांना, पायांच्या भेगांना लावतात. याला आपण परंपरा म्हणतो. कोरड्या त्वचेवरचा आणि राठ केसांवरचा ‘नैसर्गिक’ उपाय सांगायचा झाला तर याच बाटलीकडे बोट जाते. पण खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठते आणि इथली जानेवारीची पहाट पुष्कळदा १०-१२ अंशांवर असते. अंगाला तेल सगळ्यात जास्त हवे त्याच महिन्यांत जे बाटलीतून बाहेर यायला तयार नसते, ते या मुलखाने पिढ्यान् पिढ्या रुळवलेले हिवाळ्याचे तेल असेल, हे पटत नाही. माझे म्हणणे असे, की हे तेल घाट चढून आलेले पाहुणे आहे. इथल्या हिवाळ्याचे घरचे तेल तिळाचे आणि करडीचे. ते गेले, पण अंगाला मानवत नव्हते म्हणून गेले नाही. पायाखालची जमीन बदलली म्हणून गेले.

पहिली साक्ष शब्दाचीच. तेल हा शब्द संस्कृत ‘तैल’वरून आला आणि तैल म्हणजे तिळाचे ते. भाषेच्या दृष्टीने तीळ हेच मूळ तेल, बाकीची सगळी त्याच्या नावाने चालणारी. म्हणून त्यांना ओळख सांगावी लागते. खोबऱ्याचे ते खोबरेल, एरंडाचे एरंडेल, भिरंडाचे, म्हणजे कोकमाच्या बियांचे, ते भिरंडेल. या सगळ्यांच्या शेपटीला जो ‘एल’ आहे तो तेलाचाच उरलेला तुकडा. पुढे तिळाची मक्तेदारी इतकी संपली की आपल्याला ‘तिळाचे तेल’ म्हणावे लागते. एकाच शब्दसमूहात तीळ दोनदा येतो आणि कुणाला खटकत नाही. ‘खोबरेल तेल’ म्हणताना तर आपण तेल दोनदा ओततो. नारळाचा आणि कोकमाचा मुलूख कोकणचा. तिथल्या घाण्यांवर खोबरे आणि तीळ दोन्ही गाळत. रायगडकडचे बेने इस्रायली हा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली हे नावच पडले. त्या दमट हवेत खोबरेल क्वचितच गोठते. गोठणे हा त्याचा दोष देशावर आल्यावर दिसला.

इथले शेत मात्र वेगळ्या हिशेबाने चाले. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. वर्षाचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. अशा जिरायतीत प्रत्येक धान्याला आपले एक तेल जोडलेले असे. खरिपात बाजरीच्या रानात तीळ, रब्बीत ज्वारीच्या रानात करडी. १८८५ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे खंडातही करडई येते ती उशिरा पेरलेल्या ज्वारी-गव्हाच्या ओळींतले पीक म्हणून. ज्वारीच्या काही तासांमागे करडीचा एखादा तास, आणि शेताच्या कडेने तर हटकून. कारण करडीला काटे असतात. पानाच्या कडेला, बोंडाभोवती, सगळीकडे. वाटेने जाणारे जनावर ज्वारीकडे तोंड वळवते आणि काट्यांवर थबकते. मूळ काळ्या रानात खोल जाते, त्यामुळे वरची ओल उडाली तरी हे झाड तग धरते. म्हणजे कुंपण, दुष्काळाचा विमा, कोवळेपणी पाल्याची भाजी आणि शेवटी बियांचे तेल, एवढे सगळे कडेच्या एका ओळीत. कापणी दिवस उगवायच्या आत. दवाने काटे मऊ पडलेले असतात तेवढ्यातच. ऊन चढले की हाताला फडके गुंडाळूनही निभाव लागत नाही.

या बियांचे घाण्यावर निघालेले तेल भाजीला पडे. तेच बी कोरड्या आचेवर जाळून काळे चिकट तेल काढत आणि ते विहिरीच्या दोराला नि पाण्यात भिजणाऱ्या चामड्याला चोळत. हे दुसरे तेल मला महत्त्वाचे वाटते. उन्हात वाळणारे आणि पाण्यात फुगणारे चामडे तडकू नये यासाठी या मुलखाने कोणता उपाय शोधला होता, हे त्यातून कळते. मोटेच्या कातड्याला करडी आणि माणसाच्या कातडीला कोकणातून आणलेला नारळ, असा दुजाभाव एखाद्या कोरडवाहू घराने केला असेल का? ज्या घरात एकच तेलाचे बुधले असे, त्या घरात भाजीनंतर तेलकट राहिलेला हात दंडावरून, पिंढरीवरून फिरणार आणि तेच तेल पोरांच्या डोक्यावर थापले जाणार. वर्षातून दोनदा मात्र तीळ आपला मान घेऊन येई: नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला आणि भोगीच्या न्हाण्याला. खरिपाचा तीळ दिवाळीच्या तोंडावर घरात येतो. ताजा तीळ हाती येण्याचा आणि हवा कोरडी पडण्याचा काळ एकच. अभ्यंगाचे पंचांग शेताच्या पंचांगावर इतके नेमके बसते, ते काही योगायोगाने नव्हे.

इथे वैद्य हरकत घेतील, आणि ती वजनदार आहे. अभ्यंग शास्त्रातून आला, शेतातून नव्हे, वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त रोज तेल लावायला सांगितले, डोके, कान आणि पाय यांना विशेष करून, मग करडी-ज्वारीची कथा कशाला? हरकत तिळापुरती मान्य. पण त्याच शास्त्रात ‘चरकसंहिते’च्या सूत्रस्थानातला पंचविसावा अध्याय आहे. त्यात प्रत्येक वर्गातल्या सगळ्यात हितकर आणि सगळ्यात अहितकर पदार्थांच्या याद्या आहेत. वनस्पतींच्या स्नेहांत सर्वांत हितकर तिळाचे तेल आणि सर्वांत अहितकर कुसुंभाचे. कुसुंभ म्हणजेच आपली करडई. लोक ग्रंथ वाचून तेल लावत असते तर भीमा-नीरेच्या खोऱ्यात करडीचे तेल घरात शिरलेच नसते. ते शिरले आणि शतकानुशतके नांदले, याचा अर्थ रिवाज ठरवताना ग्रंथापेक्षा शेताच्या कडेचे जास्त ऐकले गेले. (आणि चरकाचा निवाडा खाण्यापिण्याच्या संदर्भातला आहे, कातडीच्या बाबतीत पुढे जे दिसले ते त्याच्या विरुद्ध जाते.)

मग ते गेले कसे? आधी रंग गेला. करडईच्या पाकळ्यांपासून निघणारा कुसुंबी रंग हे या पिकाचे एकेकाळचे दुसरे उत्पन्न. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांतले स्वस्त रंग आले आणि ते बुडाले. पण खरा घाव पाण्याने घातला. १८७६-७७च्या दुष्काळानंतर धान्य वाचवायला म्हणून नीरेचा डावा कालवा खोदला गेला, आणि गॅझेटियरचा तो खंड छापला जात होता त्याच सुमारास त्याचे पाणी बारामतीच्या अंगाला खेळू लागले. धान्य वाचवायला आलेले पाणी उसाकडे गेले. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले, पुढे माळेगावचा सहकारी कारखाना आला आणि ‘बागायती पट्टा’ हा शब्द ‘जिरायती भागा’च्या विरुद्धार्थी म्हणून पक्का झाला. उसाला कडेला काट्याची ओळ लागत नाही. करडी कमी पाण्याचे पीक. साचलेल्या पाण्यात तिचे मूळ कुजते. ज्वारी गेली तशी तिची राखणदारीणही गेली, आणि घरात उसाच्या पट्टीचे पैसे असताना तेल दुकानातून येऊ लागले. दुकानात जे घडले त्याची मात्र मौज वाटते. मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजने करडईचे तेल शुद्ध करून ‘सफोला’ या नावाने विकले आणि खोबरेल ‘पॅराशूट’ या नावाने. एकाच घरची ही दोन भावंडे: करडी हृदयाच्या काळजीने स्वयंपाकघरात गेली, नारळ डोक्यावर बसला. करडीचे तेल अंगाला लावतात, हे सांगितले तर तेव्हापासून ऐकणाऱ्याला नवल वाटते.

दुसरी हरकत शास्त्रज्ञांची, आणि तिला टाळून चालणार नाही. २००३ साली मुंबईच्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर तपासून दाखवले, की धुण्याआधी आणि नंतर लावले असता केसातली प्रथिने झिजण्याचे प्रमाण खोबरेलने ठळकपणे कमी होते, बाकी दोहोंनी नाही. खोबरेलमधल्या लॉरिक आम्लाचा रेणू सरळ आणि आखूड असल्याने केसाच्या गाभ्यात शिरतो, हे त्याचे कारण. संशोधन खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतले होते, एवढी नोंद करून मी ते मान्य करतो. न्हाण्याच्या आदल्या रात्री केसांना लावायला खोबरेलच चांगले. पण केस म्हणजे त्वचा नव्हे. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधल्या फटी बुजवणारे स्निग्ध द्रव्य बनायला लिनोलिक आम्ल लागते आणि शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. खोबरेलमध्ये ते नावापुरते असते. करडीच्या नेहमीच्या तेलात सुमारे पाऊण हिस्सा तेच. ते कातडीतून आत जाते का, हे तपासले गेले तेही पुण्यातच. केईएम रुग्णालयाच्या बालरोगतज्ज्ञांनी १२० नवजात बाळांचे तीन गट केले: एकाला करडईचे तेल, एकाला खोबरेल, एकाला काहीच नाही. दिवसातून चार वेळा पाच-पाच मिलिलिटर, असे पाच दिवस चोळल्यावर करडईच्या गटातल्या बाळांच्या रक्तात शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी अशी आवश्यक स्निग्धाम्ले वाढलेली सापडली. हा अभ्यास ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये २००५ साली आला. आजीबाईंचे सगळे बरोबर होते असे यातून सिद्ध होत नाही. तेल नुसते वर बसते, या समजाला मात्र धक्का बसतो.

तेलाचा विचार पाण्याशिवाय पुरा होत नाही, निदान या दोन तालुक्यांत तरी. कालव्याच्या पाण्याने उसाबरोबर क्षारही वर आणले. हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची पुस्तिका १९१०मध्येच लिहिली, म्हणजे तक्रार शंभर वर्षांहून जुनी. अशा भागातल्या विहिरी-बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबणाचा आणि क्षाराचा मिळून एक चिकट साका होतो, तो केसांवर आणि अंगावर बसतो, केस राठ लागतात, कातडी ताणल्यासारखी होते. थंडीला दोष देताना आपण बादलीकडे पाहत नाही. शिकेकाई आणि डाळीचे पीठ यांचे जुने प्रस्थ इथे समजते. शिकेकाईचा फेस साबणासारखा क्षाराशी फाटत नाही. पीठ अंगावरचे जास्तीचे तेल टिपते आणि पातळ थर मागे ठेवते. तेल लावून वर साबण खसखसून घासणे म्हणजे सारवलेली जमीन लगेच खराट्याने झाडणे. आधी तेल, मग उटणे, मग कढत नव्हे तर कोमट पाणी, हा क्रम होता. साबण मध्ये शिरला तेव्हा तेल फुकट जाऊ लागले आणि लोक म्हणू लागले, तेलाने काही होत नाही.

करडीच्या बाजूने बोलताना तिचे दुर्गुण लपवण्यात अर्थ नाही. हे तेल हवेत लवकर खवट होते आणि सुकताना चिकट थर धरते. रंगकामाच्या तेलांतही त्याची गणना होते ती याच गुणामुळे. कपड्यावर पिवळा डाग राहतो. तीळ या बाबतीत उजवा: त्याच्या तेलातच खवटपणा रोखणारी द्रव्ये असतात, म्हणून सणाच्या वाटीत त्याला बसवले त्यात शहाणपण होते. आणि काटे! मजुरीने करडी काढायला आज कोण तयार होईल? पण या प्रश्नाचे उत्तर नीरेपलीकडे, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत शोधले गेले. तिथे बिनकाट्याची ‘नारी-६’ ही जात निघाली. तिच्या पाकळ्याही हाताला न टोचता खुडता येतात, म्हणजे रंगाबरोबर गेलेले दुसरे उत्पन्न परत येण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी, १९८०च्या दशकात, करडईच्या दोन जाती शेतकऱ्यांपर्यंत पोचल्या होत्या, सोलापूरची आणि फलटणची. सोलापूरच्या जातीचे नाव ‘भीमा’, फलटणच्या जातीचे ‘नीरा’. या दोन नद्या इंदापूर तालुक्याच्या पूर्व टोकाला, नीरा-नरसिंहपुरात मिळतात.

आता लाकडी घाणे पुन्हा फिरू लागले आहेत; बैलाच्या जागी मोटर आहे एवढेच. तिथे करडी गाळून मिळाली तर पाव लिटरच घ्यावी, काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवावी आणि महिन्याभरात संपवावी. वास जुन्या शेंगदाण्यासारखा यायला लागला की उरलेली दाराच्या बिजागरीला घालावी. आंघोळीनंतर अंग पुरते कोरडे न करता, ओलसर कातडीवरच चार थेंब चोळावेत. तेल पाणी देत नाही, असलेले पाणी धरून ठेवते. केसांना खोबरेल, भेगांना भिरंडेल. ते घट्टच असते, आणि टाचेवर टिकायला तेच हवे. करडीची बाटली मात्र उन्हाला ठेवावी लागत नाही. पारा शून्याच्याही बराच खाली गेल्याशिवाय ती गोठत नाही.