लायनरच्या जाळीची कुळकथा

रायपूरच्या डिझेल लोको शेडमध्ये दीर्घकाळ अल्को घराण्याच्या इंजिनांचं राज्य होतं. घराणं मूळचं अमेरिकी. पहिली डब्ल्यूडीएम-२ इंजिनं १९६२ साली तिकडूनच आली आणि १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली. सोळा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९ इंच. या सिलिंडरांच्या लायनरला, म्हणजे आतल्या अस्तराच्या नळीला, आतून कठीण क्रोमचा थर देत आणि त्या थरात मुद्दाम बारीक छिद्रांची जाळी पाडत. आधी पोलादाला दाद न देणारा थर चढवायचा आणि मग तोच सच्छिद्र करायचा, हा प्रकार वरवर उफराटा वाटतो. पण आजच्या इंजिनांत जो खडबडीतपणा जाणूनबुजून राखलेला असतो, त्याचं खरं कूळ मला या क्रोमच्या जाळीतच दिसतं.

घर्षणशास्त्राचा ठाऊक असलेला इतिहास थोडक्यात आटोपता येतो. अमाँताँ (१६९९) आणि कुलाँ (१७८५) यांनी उंचवटे एकमेकांत अडकल्याने घर्षण होतं असं मानलं, म्हणजे जितकं गुळगुळीत तितकं बरं. १८८३ मध्ये बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगला पाडलेल्या भोकात बसवलेला लाकडी गुट्टा तेलाच्या दाबाने बाहेर आला आणि धातू तेलाच्या पदरावर तरंगतो हे उघड झालं. १८८६ मध्ये रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं, १९०२ मध्ये श्ट्रिबेकने वेगाबरोबर घर्षण कसं आधी उतरतं आणि मग चढतं ते दाखवलं. तेलाचा पदर दोन्ही पृष्ठांच्या एकत्रित खडबडीतपणाच्या तिपटीहून जाड असेल तर धातूला धातू लागत नाही. एकपटीखाली गेला की उंचवटे थेट घासतात. इथपर्यंत सारं सरळ आहे, पण पिस्टनची रिंग या हिशेबात बसत नाही. दर फेऱ्याच्या दोन्ही टोकांना ती क्षणभर थांबते, वेग शून्य होतो आणि वेगाच्या जोरावर उभा राहिलेला पदर कोसळतो. वरच्या टोकाला तर ज्वलनाची आच आणि दाबही असतो. लायनर सर्वांत जास्त झिजतो तो तिथेच; जुन्या लायनरला वर जी पायरी पडते ती याचीच खूण. मधल्या पट्ट्यात खडबडीतपणाने फारसं बिघडत नाही, टोकाला मात्र सगळं त्यावरच ठरतं.

मग तेल धरून ठेवण्यासाठी पृष्ठ खडबडीत ठेवावं, ही कल्पना आली कुठून? काहीजण ती स्क्रेपिंगपाशी, म्हणजे हाताने धातू खरवडण्यापाशी, नेतात. व्हिटवर्थने १८४० मध्ये सपाट पृष्ठ बनवण्याची रीत मांडली, तेव्हापासून लेथच्या बेडवर स्क्रेपरचे जे उथळ खळगे राहतात त्यांत तेल साठतं, हे खरंच आहे. पण व्हिटवर्थला हवा होता सपाटपणा. खळगे हा हत्याराचा मागे राहिलेला ठसा. दुसरा दावा होनिंगचा, म्हणजे दगडांनी सिलिंडर आतून घासण्याचा. होनिंगचे दगड फिरता फिरता वरखाली होतात, म्हणून तिरप्या रेषांची जाळी आपोआपच उमटते. तिला तेल राखण्याचं श्रेय नंतर चिकटलं असावं, असा माझा कयास आहे. यावर आक्षेप येतो की आरशासारख्या सिलिंडरमध्ये रिंगा बसत नाहीत आणि इंजिन तेल खातं, हे मेकॅनिक मंडळींना अनुभवाने माहीत होतंच. होतं, पण ते ज्ञान सुरुवातीच्या घासणीचं आहे. रिंग आणि भिंत एकमेकांना घासून जुळेपर्यंत खरखरीतपणा हवा. त्यानंतरही तो टिकावा, असं त्यात कुठे येत नाही.

क्रोमच्या बाबतीत मात्र खडबडीतपणा टिकवण्याचा प्रश्न टाळणं अशक्य होतं. कठीण क्रोम फारसं झिजत नाही, म्हणून आपोआप जुळतही नाही. शिवाय गुळगुळीत क्रोमवर तेल पसरायला तयार नसतं, ते थेंबाथेंबाने गोळा होतं. गुळगुळीतपणाची हद्द गाठली आणि इंजिन जाम होऊ लागलं. डच संशोधक हेन्ड्रिक व्हान डर होर्स्ट यांनी यावर काढलेला तोडगा साधा पण धाडसी होता. मुलामा चढवून झाल्यावर विजेचा प्रवाह उलटा करायचा, म्हणजे क्रोममधल्या मूळच्या सूक्ष्म भेगा कोरल्या जाऊन रुंदावतात. मग वरून हलकं होनिंग. सपाट माथे भार पेलतात, खालच्या खाचा तेल सांभाळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही पद्धत अमेरिकेत रुजली. अशा लायनरसोबत रिंगा मात्र साध्या बिडाच्याच लागतात, क्रोमवर क्रोम चालत नाही. हत्याराचा ठसा म्हणून नव्हे, तर आखून आणि स्वतंत्र प्रक्रिया खर्ची घालून खडबडीतपणा निर्माण केला, तो इथे.

एक प्रतिवाद वजनदार आहे. हॅमिल्टन, वॉलोविट आणि ॲलन यांनी १९६६ मध्ये दाखवलं की सूक्ष्म खळगे नुसती तेलाची कोठारं नसतात. वेग असेल तर प्रत्येक खळगा स्वतःचा दाब उभा करतो. पुढे इझाक एट्सियन यांनी लेझरने खळगे पाडून हा विचार वाढवला. मला तो मान्य आहे, पण त्याला वेग लागतो, आणि रिंग थांबते त्या जागी कोठाराचंच काम उरतं.

प्लॅटो होनिंग मला याच कुळातली शाखा वाटते. आधी खरखरीत दगडाने खोल रेघा ओढायच्या, मग बारीक दगडाने फक्त शेंडे उडवायचे. आकार पाहिला तर हे सच्छिद्र क्रोमचंच रूप आहे, मुलाम्याशिवाय. असं पृष्ठ कसं ओळखायचं याचं साधन ॲबट आणि फायरस्टोन यांनी १९३३ मध्येच दिलं होतं: किती खोलीवर किती धातू भार घ्यायला उरतो, याची वक्ररेषा. सरासरी खडबडीतपणाचा आकडा, म्हणजे आरए, इथे फसवतो. खाचा असलेलं पृष्ठ उलटं करून शेंड्यांचं केलं तरी आरए तेवढाच राहतो. एक रिंगला जपतं, दुसरं तिला कुरतडतं. म्हणून लायनरच्या रेखाचित्रावर आरएच्या जोडीला आरपीके, आरके आणि आरव्हीके हे तीन आकडे लिहिले जाऊ लागले: शेंडे किती, भार पेलणारा गाभा किती, आणि तेलासाठी खाच किती.