गडावर काय झालं?

गेल्या रविवारी माझी भाची बुटीबोरीला आली होती. वय वर्षं अकरा, नागपूरला दोरीचा मल्लखांब शिकते. आठवड्यापूर्वी तिची पहिलीच स्पर्धा झाली आणि बाईसाहेब शेवटून पहिल्या आल्या. पायाच्या अंगठ्याशेजारी दोरीने सोललेली कातडी अजून लालच होती. जेवता जेवता शांतपणे म्हणाली, "मामा, मी आता नाही जात मल्लखांबाला."

मी मोठेपणाचा आव आणून म्हटलं, "अगं, तुला बाळंभटदादांची गोष्ट माहीत आहे का?"

माहीत होती. वर तिनेच मला गप्प केलं. "पण मामा, त्यांना तर मारुतीने शिकवलं होतं ना!"

घ्या! यावर काय बोलणार? पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या बाजीरावाचा काळ, म्हणजे १७९६ ते १८१८. निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिलं. कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभट देवधर नावाचा एक तरुण उठला, तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंग गडावर गेला. तिथे देवीची उपासना केली. देवीच्या कृपेने मारुतीने त्याला लाकडी खांबावरचे डाव दाखवले. बाळंभट परत आला, त्याने अलीला चीत केलं आणि गुलाबने माघार घेतली. परंपरेने चालत आलेली गोष्ट एवढीच.

यात गंमत अशी आहे की बाळंभटाच्या उमेदवारीचा सगळा काळ नेमका त्या गडावर गेला, आणि गोष्ट नेमकी तिथेच उडी मारते. तो आव्हान स्वीकारतो आणि पुढच्या वाक्यात तयार होऊन खाली उतरतो. मधले दिवस कुठे गेले? किती वेळा तो खांबावरून घसरला, हात सुटला, पाठीवर आपटला, कोण जाणे. आपण ते सगळे दिवस मारुतीरायाच्या नावावर जमा करून टाकले.

मला श्रद्धेवर वाद घालायचा नाही. पण मल्लखांबाकडे नीट पाहिलं तर त्या दिवसांची खूण तिथे सापडते. खांब बुडाशी जाड, वर निमुळता, मग बारीक मान आणि टोकाला बोंड. हात नसलेला जोडीदारच तो. न थकणारा आणि चूक पोटात न घालणारा. त्याला एरंडेल चोळतात, मग पकड जरा चुकली की माणूस खाली. अढी, तेढी, बगली, दसरंग अशी पकडींची आणि उड्यांची घराणीच आहेत. ही विद्या साफ नवीनही नव्हती. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख आहे. ती मागे पडली होती, बाळंभटाने ती पुन्हा उभी केली. असं काम एका स्वप्नात होत नाही, त्याला घाम गाळावा लागतो.

आता जपानकडे बघा. कोहेई उचिमुरा हा आजवरच्या थोर जिम्नॅस्टांपैकी एक. जन्म १९८९ चा. आईवडील दोघेही जिम्नॅस्ट, त्यांनी १९९२ मध्ये नागासाकी प्रांतातल्या इसाहाया गावी स्वतःचा क्लब काढला. पोरगा तिसऱ्या वर्षापासून तिथेच बागडला. पहिलीत असताना पहिली स्पर्धा खेळला आणि चक्क शेवटचा आला. वहीत उड्यांची चित्रं काढायचा. पंधराव्या वर्षी घर सोडून टोकियोला गेला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक अंतिम फेरीत पॉमेल हॉर्सवरून दोनदा पडला आणि तरीही रौप्यपदक घेऊन आला. पुढे २०१२ आणि २०१६ ची सुवर्णपदकं आणि सहा जागतिक विजेतेपदं. २०२२ मध्ये निवृत्त झाला. त्याचं चरित्र सांगताना तिथले लोक तो शेवटचा नंबर लपवत नाहीत.

इथे एमआयडीसीत आम्हीही खराब झालेल्या नगाची नोंद ठेवतोच की. आयटीआयचा नवा पोरगा पहिल्या महिन्यात काय काय बिघडवतो ते रजिस्टरमध्ये असतं. चांगला कारागीर त्यातूनच घडतो. मग आपल्या थोर माणसांचंच तेवढं रजिस्टर कोरं का?

बाळंभटाची गोष्ट कुस्तीपाशी संपत नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेला. बाळंभटही गेला, आणि तिथून त्याची विद्या काशीपर्यंत पोचली. राज्य राहिलं नाही, खांब राहिला. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला. आणि मुंबईच्या हिमानी परबला मल्लखांबासाठी २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. या सगळ्याच्या मुळाशी गडावरचे ते न सांगितलेले दिवस आहेत.

संध्याकाळी भाचीला स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा उचिमुराची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. गाडी दिसायला लागल्यावर विचारलं, "खरंच शेवटचा आला होता?"

"खरंच."

"मग बाळंभटदादा पण पडले असतील ना रे मामा?"

"पडल्याशिवाय कसं येणार गं?"

ती मल्लखांबाला पुन्हा जाते की नाही, ते अजून कळलेलं नाही. ताईला फोन करून विचारायचा मोह मी आवरला आहे.

मंडळी, तुमच्या घरात कोणी आजोबा-पणजोबा आखाड्यात जाणारे असतील, तर त्यांनी जिंकलेल्या कुस्त्या राहू द्या. ते पहिल्यांदा कसे आपटले, तेवढं आठवत असेल तर कळवा. भाचीला वाचून दाखवीन.